पहिल्या भागात काय उरले पाहिजे

मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भाग, लिहायला शिकताना सर्वांत आधी मला नाटकाची सवय बाजूला ठेवावी लागली. सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर वाढलेल्या माणसाच्या ती अंगवळणी पडलेली असते. हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग बघत, पुढे त्याच रंगमंचामागे प्रॉम्प्टिंगपासून पडेल ते काम करत आणि मग स्वतः एकांकिका लिहीत आम्ही जे शिकलो, ते मुख्यतः गोष्ट पूर्ण करण्याचे शास्त्र होते. पडदा पडण्यापूर्वी गाठ सुटली पाहिजे किंवा कायमची आवळली गेली पाहिजे, हे आमच्या हाडीमांसी खिळलेले होते. पायलटचे मागणे वेगळे असते. पाऊण तासात प्रेक्षकाचे समाधान तर व्हायला हवे, आणि तरीही ज्या अडचणीपायी ही माणसे आपल्यासमोर आली ती अडचण भागाच्या शेवटी शिल्लक उरायला हवी, आणि उरताना ती आधीपेक्षा घट्ट झालेली असायला हवी. काय मिटवायचे आणि काय उरवायचे, हा निर्णय पायलटचा गाभा आहे असे माझे मत झाले आहे. बाकीचे सगळे तंत्र या निर्णयाच्या मागून येते.

पायलट म्हणजे मालिकेचा पहिला भाग, एवढेच म्हटले तर अर्धेच सांगितल्यासारखे होते. अमेरिकेत, जिथे ही पद्धत रुजली, तिथल्या वाहिन्या दर वर्षी पुष्कळ कल्पना ऐकून घेत, त्यांतल्या काहींच्या संहिता लिहवून घेत, त्यांतूनही थोड्यांचेच चित्रीकरण करत आणि हाती आलेल्या भागांवरून कोणती मालिका पुढे न्यायची ते ठरवत. त्यामुळे पायलटला दोन वाचक असतात. एकाला आज रात्रीची गोष्ट हवी असते. दुसऱ्याला ही गोष्ट आणखी दहा-वीस भाग कशावर चालणार आहे, याची खात्री हवी असते. आणखी एक उपयोग मला फार उशिरा कळला. ‘मॅड मेन’ या मालिकेचा पायलट मॅथ्यू वाइनर यांनी कोणी मागितलेला नसताना लिहिला होता. तो वाचून डेव्हिड चेस यांनी त्यांना आपल्या ‘द सोप्रानोज’ या मालिकेच्या लेखकांमध्ये घेतले, आणि तो पायलट स्वतः पडद्यावर यायला २००७ साल उजाडले. जी संहिता विकली जात नाही, तीसुद्धा लेखक काय करू शकतो याची साक्ष म्हणून काम करते. मुंबईपासून दूर बसून लिहिणाऱ्यांसाठी ही मोठ्या धीराची गोष्ट आहे, कारण आमच्याजवळ ओळखी नसतात, पण कागद असू शकतो.

आपल्याकडे मराठी वाहिन्यांवर कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेये बहुधा वेगवेगळ्या नावांवर असतात आणि सुरुवातीला बोलणे होते ते कल्पनेच्या टिपणावर आणि पात्रांच्या वर्णनांवर. तरीही मी पूर्ण संहिता लिहिण्याच्या बाजूची आहे, आणि त्याला कायद्याचेही एक कारण आहे. नुसत्या कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. ‘विडी कामगार बाईची गोष्ट’ ही कल्पना कोणाचीही असू शकते. त्या बाईने कोणत्या क्षणी काय केले, कोण तिच्याकडे बघत होते आणि त्याने बघून काय न बघितल्यासारखे केले, हे लिहून काढल्यावरच ते माझे होते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासदांना आपली संहिता नोंदवता येते. टिपण नोंदवण्यापेक्षा संहिता नोंदवणे केव्हाही बरे.

वेळेचे गणित मात्र आधी शिकावे लागते. दूरचित्रवाणीवर दर तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिराती दाखवता येतात, त्यांतली दहा मालाच्या आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या, असा आपल्याकडचा नियम आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेत गोष्टीच्या वाट्याला साधारण बावीस ते चोवीस मिनिटे येतात ती यामुळेच. अमेरिकेतल्या तासाभराच्या मालिकांचे अंकसुद्धा जाहिरातींच्या विश्रांतीप्रमाणे पडले. आधी शीर्षकापूर्वीचा छोटा प्रवेश, मग चार अंक, पुढे जाहिराती वाढल्या तसे पाच-सहा अंक, आणि प्रत्येक अंकाच्या टोकाला प्रेक्षक जागचा हलू नये अशी काहीतरी उलथापालथ. आपले मालिकावाले तिला ‘हुक पॉइंट’ म्हणतात. ओटीटीवर जाहिरातींची ती सक्ती उरलेली नाही, पण ठरावीक अंतराने गोष्टीचा रोख बदलण्याची शिस्त तिथेही कामाला येते, म्हणून मी पाच अंकांची आखणी ठेवली आहे. इंग्रजी संहितेत एक पान म्हणजे एक मिनिट असा हिशेब करतात. तो त्यांच्या ठरावीक टंकाचा आणि समासांचा हिशेब आहे. देवनागरीत तो जुळत नाही. आपल्याला घड्याळ लावून मोठ्याने वाचण्याखेरीज गत्यंतर नाही, आणि माझ्या मते ते आपल्या पथ्यावरच पडते.

आता मूळ मुद्दा. मालिका चालण्यासाठी असे ठिकाण लागते जिथे माणसांना रोज यावेच लागते, आणि अशी अडचण लागते जी एका बाजूने सोडवायला गेले की दुसऱ्या बाजूने वर येते. सोलापूर म्हटले की बाहेरच्यांना चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक पडद्यावर सुंदर दिसेल, पण ती संक्रांतीला येते आणि जाते. तिच्यावर एक भाग उभा राहील, मालिका नाही. बंद पडलेल्या कापड गिरण्यांवर लिहावे असे मला फार वाटे. आमच्या शहराची अर्धी स्मृती त्या भोंग्यांत अडकलेली आहे. पण गिरणीच्या गोष्टीतली मुख्य घटना घडून गेलेली असते, तिथली माणसे जे झाले त्याविषयी बोलतात, आणि पायलटला तर जे आज सकाळी घडणार आहे त्याची भूक असते. हा विचार करत असताना ध्यानात आले की पूर्व भागात असे ठिकाण गल्लोगल्ली आहे आणि मी लहानपणापासून त्याच्यावरून ये-जा केलेली आहे. ते म्हणजे विडी कारखान्याची ब्रँच, जिथे बायका सकाळी वळलेल्या विड्या जमा करतात आणि दुसऱ्या दिवसासाठी पान-तंबाखू घेऊन घरी जातात.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीवर, अशी कित्येक घरांची विभागणी. मजुरी हजार विड्यांवर ठरते. काम घरी चालते, पण नोंद ब्रँचमध्ये होते, आणि कार्डावर, पुस्तकावर नाव एकाच बाईचे असते. विडी व सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही भविष्य निर्वाह निधी मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मान्य केले. त्यामुळे ते नाव नुसते नाव राहत नाही. ते म्हणजे बाईच्या नावावर साठत गेलेली आयुष्यभराची रक्कम असते. आणि घरात मात्र त्या एका नावाखाली दोन-तीन जणींचे हात चालत असतात. सासूची बोटे थकली की सून वळते, शाळेतून आलेली मुलगी दोरा बांधते. हे कोणी लपवत नाही आणि कोणी सांगतही नाही.

माझ्या पायलटची अडचण इथून निघाली. नायिका नरसम्मा ही सून आहे. कित्येक वर्षे तिने सासूच्या कार्डावर विड्या वळल्या. सासू वारली. ती रक्कम कोणाची? नरसम्माने ‘हे हात माझे होते’ असे उघड म्हटले, तर ब्रँचच्या रांगेतल्या निम्म्या बायकांचे पितळ उघडे पडते, कारण त्याही कोणाच्या ना कोणाच्या कार्डावर वळत आहेत, आणि तपासणी आली तर काम त्यांचे जाणार. न म्हटले, तर स्वतःचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या नावावर सोडून द्यावे लागते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि मारणारा कोणी एक माणूस नाही, म्हणूनच ही गोष्ट दोन भागांत संपत नाही.

नवऱ्याचे काय करायचे, यावर बराच काळ विचार चालला होता. नायिका विधवा असली की प्रेक्षकांची सहानुभूती आपोआप मिळते, आणि आपल्या मालिकांनी तो मार्ग गुळगुळीत केलेला आहे. निधीचे नियम वाचल्यावर हा प्रश्न सुटला. स्त्री सभासदाच्या ‘कुटुंबा’त तिची मुले येतात, मृत मुलाची विधवा पत्नीही येते, पण मुलगा हयात असेल, तर त्याची बायको त्या व्याख्येत येत नाही. म्हणजे नरसम्माचा नवरा जिवंत आहे, म्हणूनच ती त्या रकमेच्या हिशेबात कुठेच नाही. नियमाच्या एका ओळीत मला जेवढे नाट्य मिळाले, तेवढे कल्पनेने रचून मिळाले नसते. नवरा हयात ठेवला, चादरीच्या मागावर कामाला ठेवला आणि त्याला बायकोवर मनापासून माया करणारा माणूस केले. त्याची माया खरी आहे आणि त्याचे अस्तित्व तिच्या आड येते आहे, या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू देता येतात. संशोधन म्हणजे संवादांत पेरायची माहिती गोळा करणे, अशी समजूत असते. माझा अनुभव असा की संशोधनाने पात्रांची नातीच ठरतात.

सुरुवातीच्या प्रवेशावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचे मला समाधान आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. एप्रिलची रात्र. पत्र्याचे घर दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेले. नरसम्मा भिंतीला टेकून बसली आहे, मांडीवर सूप. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, कारण या दिवसांत पान उघडे राहिले तर हा हा म्हणता वाळते आणि वळताना फाटते. ती पान काढते, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, तंबाखूची चिमूट पसरते, दोन्ही हातांच्या बोटांत पान फिरवते, टोक मुडपते, दोरा गुंडाळते, तोडते. एक विडी. खाली अंथरुणावर सासू. तिचा श्वास ऐकू येतो आहे, घरघरता, आणि नरसम्माच्या हातांची लय नकळत त्या श्वासाला जुळलेली आहे. मग श्वास येत नाही. नरसम्माचे हात थांबतात. ती सासूच्या नाकापाशी बोट धरते. पलीकडे नवरा आणि मुलगी झोपलेली आहेत. ती त्यांना हाक मारणार, तेवढ्यात तिची नजर सुपाकडे जाते. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या रचून ठेवल्या आहेत. हजाराला शेवटची एक जुडी कमी आहे. या कार्डावर जमा होणारा हा शेवटचा हजार आहे. ती खाली बसते, सासूच्या अंगावरची चादर नीट करते आणि उरलेल्या विड्या वळायला घेते. शेवटचा दोरा तोडून झाल्यावर ती हाक मारते, आणि मग तिला रडू फुटते.

या प्रवेशात एकही संवाद नाही. नाटकात मला हे असे लिहिता आले नसते, कारण बाराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला बोटे दिसत नाहीत आणि तिथे बाईला स्वतःशी किंवा देवाशी बोलावेच लागते. इथे कॅमेरा बोटांपर्यंत जाऊ शकतो. पण लेखकाने ‘क्लोज-अप’ असे कागदावर लिहून दिग्दर्शकाच्या कामात हात घालायची गरज नसते. वाक्य ज्या गोष्टीवर थांबते तिथेच वाचणाऱ्याची नजर थांबते. ‘ती विडी वळते’ असे लिहिले तर बाई दिसते, ‘अंगठा टोक मुडपतो’ असे लिहिले तर अंगठा दिसतो. दृश्यसूचना वर्तमानकाळात, छोट्या वाक्यांत आणि फक्त दिसेल-ऐकू येईल तेवढीच लिहायची, हा नियम सगळीकडे शिकवतात. त्याचे खरे मोल मला या प्रवेशाने पटवले, कारण नरसम्माच्या मनात काय चालले आहे याविषयी एक अक्षरही न लिहिता ती कोण आहे हे सांगून झाले. तिला हिशेब कळतो. तिला माया आहे. तिच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

सुरुवात कशी करावी याचे दुसरे प्रसिद्ध वळणही मी अभ्यासले. ‘ब्रेकिंग बॅड’चा २००८ सालचा पायलट वाळवंटात भरधाव चाललेल्या एका गाडीपासून सुरू होतो. चालवणारा अंतर्वस्त्रांत, तोंडावर वायूपासून बचाव करणारा मुखवटा. काहीच उलगडा होत नाही, आणि मग गोष्ट तीन आठवडे मागे जाते. एका साध्या शिक्षकापासून सुरू होणाऱ्या गोष्टीला ती उडी आवश्यक होती, कारण तो कुठवर जाणार आहे याची चुणूक दिल्याशिवाय त्याचे शांत दिवस कोणी पाहिले नसते. पण मागाहून येणाऱ्या अनेकांनी ती उडी नुसती उचलली. माझ्या गोष्टीत सर्वांत मोठा प्रसंग सुरुवातीलाच घडतो. पुढचे काही आधी दाखवून प्रेक्षकाला लाच द्यायची गरज नाही.

मग दुसरा दिवस. अंत्यविधीच्या गडबडीत नरसम्मा स्वतः ब्रँचला जाणे शक्य नाही, म्हणून शेजारीण आपल्या विड्यांबरोबर तिचा हजारही नेते. तिथे चेकर आहे, जो जुड्या तपासतो, खराब विड्या बाजूला काढतो आणि पुस्तकात नोंद करतो. मालिकांच्या रिवाजाप्रमाणे तो दुष्ट असायला हवा होता, आणि त्याला दुष्ट करणे सोपेही होते, कारण अशा जागी बसलेल्या माणसाच्या हाती रोजच्या रोज छळण्याची सत्ता असते. मी त्याला भला ठेवला. म्हातारी रात्रीच गेल्याचे त्याच्या कानावर आलेले आहे. नियमाने त्याने तो हजार घ्यायला नको. पण त्या घरात आज चूल पेटणार नाही आणि उद्यापासूनचे कामही तुटले, हे त्याला कळते, म्हणून तो जुड्या मोजून घेतो, एकही विडी बाजूला न काढता, आणि पुस्तकात नोंद करतो. तारखेसह.

हा पायलटचा कणा. शेवटचा हजार स्वीकारला जाईल का, हा पहिल्या भागाचा छोटा प्रश्न, आणि त्याचे उत्तर प्रेक्षकाला मिळते. चौथ्या अंकाच्या अखेरीस शेजारीण पैसे आणून नरसम्माच्या हातात ठेवते, तेव्हा त्याला काहीतरी नीट झाल्याचे समाधान मिळते. पाचव्या अंकात नरसम्माची कॉलेजात जाणारी मुलगी निधीचा अर्ज भरायला बसते. एका हाताखाली महापालिकेच्या मृत्यू नोंदीची पावती, दुसऱ्या हाताखाली ब्रँचचे पुस्तक. मृत्यूची तारीख आदल्या दिवसाची आणि शेवटची नोंद त्यानंतरची. मेलेल्या बाईच्या नावावर विड्या जमा झालेल्या आहेत. या घरात विड्या दुसरेच कोणी वळते याचा तोच पुरावा, नरसम्माच्या हक्काचाही तोच आणि चेकरच्या नोकरीवर गदा आणणाराही तोच. छोटा प्रश्न ज्या दयेने सुटला, त्या दयेनेच मोठा प्रश्न आवळला गेला. मिटवायचे आणि उरवायचे यांचा विचार दोन वेगळ्या कप्प्यांत केला तर पायलट दोन तुकड्यांचा होतो; जे मिटते त्यातूनच जे उरते ते जन्माला आले पाहिजे.

अशा विषयात प्रचाराचा मोह मोठा असतो. विडी कामगारांच्या हाल-अपेष्टा, तंबाखूच्या धुळीने धरलेली छाती, वाकलेली पाठ हे सगळे खरे आहे आणि ते सांगायलाच हवे असे मला वाटते. पण ‘हम लोग’चा इतिहास इथे उपयोगी पडतो. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका कुटुंबनियोजनाच्या संदेशासाठी योजलेली होती, आणि सुरुवातीच्या भागांतला उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. मालिकेचे लेखक मनोहर श्याम जोशी यांनी मग संदेश मागे घेऊन माणसे पुढे आणली आणि घराघरांत ती माणसे पोहोचली. उपदेश भागाच्या शेवटी अशोककुमार यांच्या चार शब्दांपुरता राहिला. मी स्वतःला घातलेले बंधन असे की, माझ्या संहितेत कोणतेही पात्र दुसऱ्या पात्राला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगणार नाही. ब्रँचमधल्या बायका एकमेकींना मजुरीचा दर सांगत नाहीत. त्या पान कसले निघाले ते सांगतात. पान खराब निघाले तर हजार पुरा करायला पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणावे लागते, हे एकीच्या त्राग्यातून कळते आणि तेवढे पुरते.

भाषेचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण सोलापूर पडद्यावर येत नाही त्याचे एक मोठे कारण भाषा आहे. मालिकांमध्ये एक प्रमाण मराठी असते आणि दुसरी ‘गावाकडची’, जी कुठल्याच गावात बोलली जात नाही. सोलापूर या दोन्हींत बसत नाही. इथे एका गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकमेकींत मिसळतात, आणि ‘काय करायलास बे?’ या प्रश्नात राग नसून आपलेपणा असतो, हे बाहेरच्या माणसाला समजायला दोन दिवस लागतात. माझ्या संहितेत नरसम्मा सासूला ‘अत्ता’ म्हणते, घरात रागाच्या आणि लाडाच्या वेळी तेलुगू येते, ब्रँचमध्ये मराठी चालते, आणि चेकरच्या मराठीला अक्कलकोटकडचा कानडी हेल आहे. तेलुगू वाक्ये मी देवनागरीत लिहून त्यांखाली मराठी अर्थ देते. संहिता वाचणाऱ्याला हे जड जाईल, असा सल्ला मला मिळाला आहे. मला तो पटत नाही. कोण कोणत्या भाषेत कधी शिरते, यात त्या घरातले कोण कोणाच्या जवळचे आहे हे कळते, आणि ते सांगण्याचे दुसरे साधन माझ्याजवळ नाही.

जोडकथा थोडक्यात सांगते. भिवंडीला मागावर गेलेला धाकटा दीर दिवसकार्याला येतो आणि आईच्या पैशांत आपला वाटा विचारतो. तोही खोटा नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. नवऱ्याच्या कारखान्यात पाळ्या कमी होत आहेत. या दोन्ही धाग्यांना पहिल्या भागात तीन-तीन प्रवेशांहून अधिक जागा नाही.

संहितेचा मसुदा आमच्या नाट्यसंस्थेच्या तालमीच्या खोलीत वाचला, तेव्हा ऐकायला मुद्दाम अशा दोघी बायका बोलावल्या ज्यांनी हयातभर विड्या वळल्या आहेत. नटांनी दृश्यसूचनाही वाचायच्या आणि हातांच्या कामाला खराखुरा वेळ द्यायचा, असे ठरवले होते. त्यामुळे भाग अपेक्षेपेक्षा लांबला आणि दिराच्या आगमनाचा अख्खा प्रवेश काढून त्याचे काम उंबऱ्यापाशी ठेवलेल्या एका बॅगेवर भागवता आले. त्या दोघींनी कथेविषयी काही म्हटले नाही. एकीने एवढेच सांगितले की म्हातारी गेल्यावर सून उरलेल्या विड्या वळते ते बरोबर आहे, पण त्यानंतर ती सूप तसेच ठेवणार नाही. तंबाखूचा वास घरात असताना माणसे येणार, म्हणून ती आधी सूप आणि पाने आत नेऊन ठेवील, हात धुवील, आणि मग हाक मारील. तो बदल मी त्याच रात्री केला. सूप आत नेण्याने नरसम्माचा लपवण्याचा भाग स्पष्ट झाला, आणि पुढे मुलगी ते सूप आतल्या खोलीत बघते तेव्हा तिला पहिली शंका येऊ लागली.

आता कसोटी राहते ती पुढच्या भागांची. पायलट खरा ठरला की नाही हे पायलट वाचून कळत नाही. दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या भागांची एकेका परिच्छेदात मांडणी करून बघावी लागते, आणि त्यासाठी बाहेरून नवे संकट आणावे लागले तर पहिल्या भागात काही उरलेलेच नव्हते असे समजायचे. दुसरा भाग मला दिसतो. नरसम्मा कार्डाविना ब्रँचच्या रांगेत उभी राहते आणि स्वतःच्या नावावर काम मागते, आणि चेकरला तिला टाळावेही लागते व जपावेही लागते. पाचव्या भागात त्याची दुसऱ्या ब्रँचला बदली होते आणि पुस्तके नव्या माणसाच्या हाती जातात. आठव्या भागाविषयी माझ्यासमोर दोन वाटा आहेत. रांगेतल्या बायका तिच्याविरुद्ध जातात, किंवा त्यांतली एकजण आपलेही पुस्तक घेऊन तिच्याशेजारी येऊन उभी राहते. दुसरी वाट मला अधिक प्रिय आहे, म्हणून मी आधी पहिली लिहून पाहणार आहे.